बंबावरची नोकरी

घोडपदेव, मुंबई
१२ नोव्हेंबर १९५९

बकुळा,

आशीर्वाद. वरचं श्रीबिरी लिहिण्यात माझी अर्धी शाई संपते म्हणून एकदम कामाचं लिहिते. लिहिणारी मीच. गिरणीच्या साक्षरता वर्गात चार महिने बसले होते, त्यात जेवढं आलं तेवढं आलं. वेलांट्या चुकतील. तुला वाचून दाखवणारा तात्या मास्तर आहे, त्याला तेवढंच काम.

तुझा लवू कामाला लागला. बंबावर. सध्या शिकाऊ आहे. खाकी कपडे मिळाले, पट्टा मिळाला, बूट मिळाले. बूट पायापेक्षा मोठे आहेत. तो म्हणतो पाय वाढेल. वीस वर्षांच्या माणसाचा पाय वाढत नाही हे मॅट्रिकला शिकवत नसावेत.

सोबत एक अर्ज आहे, इंग्रजीत. बाप नसलेला एकुलता एक मुलगा असेल तर आईचा अंगठा लागतो म्हणे, कारण कामावर विस्तवाशी गाठ असते. खाली फुली मारली आहे तिथे अंगठा उठव. फुलीवर उठव, फुलीच्या बाजूला नको. एप्रिल अखेरपर्यंत अर्ज आत गेला नाही तर शिकाऊपण संपलं आणि नोकरी पण संपली.

चव्वेचाळीस साली बुधाजी गेला आणि तू चार वर्षांच्या लवूला घेऊन भावाकडे गेलीस. पुढे त्याला शिकायला माझ्याकडे धाडलंस तेव्हा एकच अट घातलीस, की बापाला गोदीने खाल्लं, मुलाला गोदीच्या फाटकापर्यंत पण जाऊ द्यायचं नाही. ती अट माझ्या लक्षात आहे. लक्षात आहे एवढंच लिहिते.

चाळीत रोज मिटिंग. संयुक्त महाराष्ट्र येणार येणार म्हणून पाच वर्षं ऐकते आहे. शेजारची दुर्गा घोषणा देऊन घसा बसवून आली. तीन दिवस गॅलरीत शांतता आहे. त्यासाठी तरी चळवळ चालू राहावी.

सुंदराबाई

*

आचरे, तालुका मालवण
२ डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप सासूबाई सुंदराबाई यांचे चरणी सून बकुळा हिचा नमस्कार. सांगणार बकुळाताई, लिहिणार तात्या मास्तर.

आपले पत्र ओटीवर सर्वांसमक्ष वाचण्यात आले. ताईंचे वडील बंधू कोंडीराम जातीने हजर होते. बंब या शब्दावर थोडी चर्चा झाली. गावात तांब्याचा बंब फक्त माझे घरी असल्याने त्याची रचना मी सर्वांस समजावून दिली. मध्ये निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, खाली राख. अर्जावर 'फायरमन' असा शब्द आहे. फायर म्हणजे विस्तव, मन म्हणजे माणूस. अर्थात विस्तव घालणारा माणूस. यावरून चि. लवू मुंबईतील एखाद्या मोठ्या हॉटेलात आंघोळीचे पाणी तापविण्याचे कामी लागला, हे निर्विवाद आहे.

कोंडीराम बराच वेळ हसले. म्हणाले, "मॅट्रिक करून लोकांच्या आंघोळीचं पाणी! हे तर तो इथे राहून पण शिकला असता." ताई प्रथम माझ्याकडे पाहत राहिल्या. तदनंतर म्हणाल्या, "लिहा मास्तर, बंब रोज घासून ठेव म्हणावं." मग विचारू लागल्या, बंबाबरोबर माणसे किती असतात, एकट्याला पाठवीत नाहीत ना, धूर फार असतो का. आणि तो गोदीकडे जात नाही ना. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले, म्हणून दोनदा लिहितो. तो गोदीकडे जात नाही ना?

अंगठा फुलीवर उठविला आहे. शाई माझी.

ताईंचे कुशल आहे. दिवाळीपासून त्या गोठ्यालगतच्या खोलीत राहावयास गेल्या आहेत. तेथे हवा चांगली आहे, असे कोंडीराम म्हणतात.

*

घोडपदेव
२० डिसेंबर १९५९

बकुळा,

अंगठा पोचला. फुलीवर आहे. मास्तराची शाई पण पोचली, पाकिटाला आतून सगळीकडे लागली आहे.

मास्तराचा बंब मला समजला. लवूचा बंब तांब्याचा नाही. लाल आहे, त्याला चाकं आहेत, आणि घासायला आठ माणसं लागतात. हा सगळ्यात नवा म्हणून चाकं याच्या वाट्याला. एकट्याला कुठे पाठवत नाहीत. धूर असतो. पाणी पुष्कळ लागतं. कोंडीरामाला सांग, पाणी वेळेवर मिळालं नाही की लोक बोंबलतात आणि मिळालं की कोणी नाव पण विचारत नाही. आंघोळीचं असो की कसलं.

हल्ली त्याला दोरीचं शिकवतात. धुरात डोळे उघडे ठेवून फायदा नाही, म्हणून डोळे बांधून रांगायचं. कमरेला दोरी, दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ओरडून ऐकू जात नाही, म्हणून दोरीला हिसका द्यायचा. एक म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सोड. तीन म्हणजे दोरी आवळ. चार म्हणजे मला बाहेर काढा.

हे अंगात मुरावं म्हणून रविवारी घरी सराव. माझी कपडे वाळत घालायची दोरी कमरेला, डोळ्यांना माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी. मी खाटेवर बसून टोक धरलं. लवू रांगत गॅलरीत गेला. थोड्या वेळाने दुर्गाचा आवाज आला.

"मावशी, तुमचा नातू माझ्या मोरीत काय करतोय?"

"शिकतोय."

"डोळे बांधून?"

"मग काय उघडे ठेवून येऊ दे तुझ्या मोरीत?"

तेवढ्यात दोरीला हिसके आले. चार मोजले. मी दोन्ही पाय उंबऱ्याला लावून ओढायला लागले. दोरीला आला तो दुर्गाचा बंब. तांब्याचा, आंघोळीचा, भरलेला. लवूच्या कमरेची गाठ सुटून बंबाच्या कडीत अडकली होती. गॅलरीत गरम पाण्याचा पूर. दुर्गाचा घसा त्या दिवशी मोकळा झाला. तेव्हा मास्तराला सांग, त्याचं अगदीच चुकलं नाही.

गोदीचं विचारलंस. गोदी आहे तिथेच आहे.

गोठ्यालगतची हवा चांगली असते हे मला नवीन. मुंबईत तबेल्याशेजारी राहणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

सुंदराबाई

*

आचरे
१८ जानेवारी १९६०

तीर्थस्वरूप सासूबाईंचे चरणी नमस्कार.

चाकांचा बंब या गोष्टीने येथे कुतूहल निर्माण झाले आहे. मुंबईतील हॉटेले पाच पाच मजली असल्याने पाणी खोलीकडे नेण्यापेक्षा बंबच खोलीकडे नेत असावेत, असा माझा निष्कर्ष आहे. डोळे बांधण्याचे कारण उघड आहे. आत लोक आंघोळीस बसलेले असतात.

ताईंनी पत्र दोनदा वाचावयास लावले आणि दोरीचा मजकूर तीनदा. बंबाने दोरीला लटकून येण्याचा प्रसंग वाचताना ओटीवर सर्व हसले. ताई हसल्या नाहीत. त्या बोटांवर काही मोजत होत्या.

एकदा मुंबईस येऊन मुलाला पाहून जावे, अशी ताईंची इच्छा होती. कोंडीराम म्हणाले, "मग गुरांचं कोण बघणार?" वहिनी म्हणाल्या, "आणि भात कोण उकडणार?" त्यावर विषय संपला. भात उकडताना ताईंचा उजवा हात मनगटापाशी भाजला आहे. अंगठा शाबूत आहे, तरी आणखी अर्ज असल्यास पाठवावेत.

त्यांनी एकच प्रश्न विचारण्यास सांगितले आहे. चार हिसके दिल्यावर खरेच कोणी ओढते का? की टोक धरणारा गप्पा मारीत बसलेला असतो?

बाकी सर्व कुशल.

*

घोडपदेव
८ मार्च १९६०

बकुळा,

हे पत्र वाचण्याआधी तात्या मास्तराने खाकरून घ्यावं.

लवू अर्ज आत देत नव्हता. मी रोज विचारायचे, तो रोज उद्या म्हणायचा. मला वाटलं विसरतो. काल मास्तराची दोन्ही पत्रं त्याला माझ्या पेटीत सापडली. वाचताना हसला, मग हसायचा थांबला.

"आजी, आई समजते मी आंघोळीचं पाणी तापवतो?"

"समजू दे. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"खरं पण नाही लिहिलंस. मला म्हणालीस, आईला सगळं कळवलंय. म्हणून अंगठा आला तेव्हा मला वाटलं, गोदीला पण ती हो म्हणाली. तरी माझा हात होत नव्हता तो कागद आत द्यायला. आता कळलं का होत नव्हता."

"मग काय करणार आहेस?"

"असा काढून घेतलेला अंगठा मला नको."

कालच्या पोराने मला शिकवावं, आणि त्याचं बरोबर असावं, हे दोन्ही एका दिवशी व्हायला नको होतं.

तर ऐक. बंब आगीचा आहे. घंटा वाजवत जातो तो. आंघोळीचा असं मी म्हटलं नव्हतं, मास्तराने म्हटलं, तू मान्य केलंस, मला सोयीचं पडलं. तू सोळा वर्षांत मुंबईचा बंब विसरलीस असं मी धरून चालले. आणि नुसता आगीचा नाही. त्याला जहाजाच्या आगीचं शिकायला घातलंय. गोदीत. फाटकाच्या आत.

त्याने मला समजावलं ते तुला सांगते. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो. जहाजाला रस्ता नसतो. आग तळाशी, उतरायची वाट वरून, म्हणजे धुराड्यातून चुलीत उतरायचं. भिंती लोखंडाच्या, हात टेकला तर कातडं तिथेच राहतं. कुठल्या खणात काय माल भरलाय ते आधी विचारायचं, मग उतरायचं. आणि पाणी मारायचं ते पण हिशेबात, जास्त मारलं तर आग विझते आणि जहाज कलंडतं. मी म्हटलं, मेल्या, हे शहाण्या माणसाचं काम नाही. तो म्हणाला, म्हणून तर शिकवावं लागतं. मी म्हटलं, गोदी सोडून दुसरीकडे कुठे आग लागत नाही का? तो म्हणाला, "बाबा कुठे गेले ते मला बघायचं होतं. बघितलं. आता तिथे मला काम आहे."

आता दुसरं. हे काल लवूला सांगितलं, आज तुला सांगते.

बुधाजी गेला त्या दिवशी दुपारी गोदीवर धूर दिसत होता. बुधाजीची दुपारची पाळी होती. तुझ्या मनात काय आलं कोण जाणे, तू त्याचा पितळी बिल्ला तांदळाच्या डब्यात पुरलास, कारण बिल्ल्याशिवाय गोदीच्या फाटकावर आत घेत नाहीत. तू नळावर गेलीस आणि परत आलीस तोवर तो गेला होता. तू धरून बसलीस की त्याला बिल्ला सापडला. नाही सापडला. खोलीभर शोधून तो खाली बसला होता. म्हणत होता, जाऊ दे, आज खाडा. मी तुला डब्यात हात घालताना बघितलं होतं. मी डबा उघडला, बिल्ला काढला, पदराने पुसला आणि त्याला दिला. म्हटलं, धूर काय रोजचाच, खाडा कशाला पाडतोस.

एवढंच आहे. सोळा वर्षांत यात एक शब्द वाढवता आला नाही आणि एक कमी करता आला नाही.

मास्तर, हे असंच वाच. मध्ये तदनंतर घालू नकोस.

अर्ज परत पाठवते. तुझा अंगठा त्यावर आहेच. हे ऐकून मग पाठवलास तर लवू तो आत देईल. नाही पाठवलास तर देणार नाही, गिरणीत बदली कामगार म्हणून लागेल. कागद जाड आहे, चूल पेटवायला बरा.

सुंदराबाई

*

घोडपदेव
१६ एप्रिल १९६०

बकुळा,

पाच आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मी पण दिलं नसतं. पण काही बघितलं ते कळवायला हवं म्हणून लिहिते. उत्तरासाठी नाही.

परवा चौदा एप्रिल झाली. पलीकडच्या चाळीत बाबासाहेबांच्या जयंतीचा बँड सकाळपासून. आपल्या मजल्यावर चव्वेचाळीसच्या गोदीच्या स्फोटात गेलेल्या तिघांच्या घरी फोटोला हार. आणि गोदीत शिकाऊ पोरांचं प्रात्यक्षिक, घरच्यांनी बघायला यावं असं बोलावणं. मी दुर्गाला घेऊन गेले. तिने हिंदमाताला जाऊन नवं पातळ आणलं होतं. मी म्हटलं, आग बघायला चाललोय, बारशाला नाही. ती म्हणाली, साहेब लोक असतात. सोळा वर्षांनी त्या फाटकातून आत गेले. फाटक नवीन आहे. पहारेकऱ्याने बिल्ला मागितला. मी म्हटलं, नातवाकडे आहे.

भंगारात निघालेलं एक माल वाहायचं जहाज धक्क्याला लावलेलं. पोटात ओली गोणपाटं आणि डांबर पेटवून धूर केलेला. आम्ही खुर्च्यांवर. आधी साहेबाने इंग्रजीत भाषण केलं. खरी आग असती तर तेवढ्यात जहाज जळून राख थंड झाली असती.

लवू उतरणाऱ्यांत पहिला. तोंडाला रबराचा मुखवटा, कमरेला दोरी. बुटांवरून ओळखला. दोरीचं टोक भिवा जमादाराच्या हातात. हा भिवा त्या पलीकडच्या चाळीतला, चव्वेचाळीस साली पण बंबावर होता. जयंतीची मिरवणूक सोडून ड्युटीवर आलेला, छातीला निळा बिल्ला. साहेब म्हणाला काढ. भिवाने काढून खिशात टाकला. साहेब वळला, भिवाने परत लावला.

खाली गवत भरलेला एक माणूस ठेवला होता, त्याला शोधून वर आणायचं. लवू फाळक्यातून, म्हणजे डेकवरच्या त्या चौकोनी तोंडातून, आत गेला. दोरी सरसर गेली, मग थांबली. भिवाने एक हिसका दिला. तिकडून एक यायला हवा. आला नाही. भिवाने परत दिला. नाही. भिवाचा हात हलत नव्हता, मी त्या हाताकडेच बघत होते. दुर्गा म्हणाली, "मावशी, माझा दंड सोडा." मी धरला होता हे मला माहीत नव्हतं.

मग दोरी हलली. चार वेळा. मी मोजलं. भिवाने पाय रोवले. त्याने आणि आणखी दोघांनी ओढायला घेतलं. फाळक्यातून डोकं वर आलं, मान एका बाजूला पडलेली, हात लोंबलेले. मी खुर्चीवरून उठले. दुर्गा म्हणते मी किंचाळले. मी किंचाळत नाही. डोकं पुरतं वर आलं तेव्हा कानातून गवत दिसलं. त्याच्या मागून लवू शिडीने चढून आला, एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

सगळं आटपल्यावर मी भिवाला गाठलं.

"एवढा वेळ दोरी गप्प का होती?"

"बूट शिडीत अडकला होता त्याचा. पाय काढून घेतला आणि पुढे गेला. बाकी पोरगं चांगलं आहे, सुंदराबाई. पण बुटात कापूस भरायला सांगा."

"त्या दिवशी दोऱ्या नव्हत्या का रे, भिवा?"

"होत्या की. टोक धरणारे उरले नाहीत."

मग तो दोरी गुंडाळायला लागला आणि मी निघाले.

तर तू जानेवारीत विचारलं होतंस, चार हिसके दिल्यावर खरंच कोणी ओढतं का. ओढतात. या डोळ्यांनी बघितलं. गप्पा मारत नाहीत.

अर्जाची मुदत या महिन्याअखेर आहे. मी आठवण करत नाही, तारीख सांगते.

सुंदराबाई

*

आचरे
२४ एप्रिल १९६०

सौजन्यमूर्ती सुंदराबाई यांस तात्या मास्तरांचा नमस्कार. हे पत्र मी माझे नावे लिहीत आहे.

आपले आठ मार्चचे पत्र मी प्रथम मनात वाचले. ओटीवर वाचण्याजोगे वाटले नाही. कोंडीरामांस सांगितले, "विशेष काही नाही, शेजारणीचे भांडण आहे." सदतीस वर्षांच्या शिक्षकीतील ही माझी पहिली लबाडी. अर्ज माझ्या कोटात राहिला. पुढे महिनाभर ताई घरात एकट्या सापडेनात. चार दिवसांपूर्वी कोंडीराम लग्नासाठी मालवणास गेले. त्या सकाळी विहिरीपाशी ते आणि सोळा एप्रिलचे अशी दोन्ही पत्रे ताईंस वाचून दाखविली. तदनंतर घातले नाही.

ताई म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "बंब म्हणजे काय ता माका पयल्याच पत्रात कळला. सहा वर्सां घोडपदेवाक काढलंय मी. मास्तरांनी आंघोळीचो बंब काढल्यानी, भावाक हसूक मिळाला, म्हटलं बरा झाला. तेका आगीचो म्हणान कळला असता तर माका अंगठो उठवूक मिळालो नसतो. गोदीचा मात्र कळूक नव्हता."

यावरून बंबाविषयीचे माझे स्पष्टीकरण चुकीचे होते, हे नमूद करतो. चाकांबाबतही.

बिल्ल्याच्या मजकुरावर त्या काही बोलल्या नाहीत. कळशी भरली आणि गेल्या. कळशी तशीच काठावर राहिली होती, ती नंतर मी पोचती केली. दोन दिवस दिसल्या नाहीत. काल शाळेत आल्या, टाक मागितला आणि अर्ज मागितला. अंगठ्याच्या शेजारी चार उभ्या रेघा ओढल्या. सरकारी कागदावर असे करू नये, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मोजा." मी मोजल्या. चार आहेत. म्हणाल्या, "आता पाकीट बंद करा."

रेघांचा अर्थ विचारला असता सांगितला नाही. आपल्या डिसेंबरच्या पत्रात असे काही आकडे होते खरे, पण ते मी आंघोळीच्या संदर्भात वाचले होते.

मुंबईची बोट वीस मेपर्यंत चालू आहे, असे सहज कळवितो. कोंडीराम दर सोमवारी सकाळी बाजारास जातात आणि उन्हे कलल्यावर परततात, हेही सहजच.

*

घोडपदेव
३ मे १९६०

बकुळा,

हे पत्र मास्तराने विहिरीपाशी वाचावं.

अर्ज तीस तारखेला सकाळी हातात पडला. लवू तसाच घेऊन धावला. कचेरीत चिंतामणी नावाचा कारकून आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणाला, "या रेघा कसल्या? कागद खराब केलात."

"आईची सही आहे."

"अंगठा आहे ना? मग सही कशाला?"

"अंगठा माझ्या कामाचा. सही तिच्या कामाची."

चिंतामणीने चष्मा पुसला, परत रेघा बघितल्या आणि शिक्का मारला. लवू कायम झाला.

रेघा मी बघितल्या तेव्हा आधी वाटलं, मास्तराची शाई सांडली. मग मोजल्या. मग तुझं जानेवारीचं पत्र काढलं. चार हिसके दिल्यावर कोणी ओढतं का म्हणून विचारलंस ते मी लवूसाठी समजले. गोठ्याची हवा वाचली आणि तबेल्याचा विनोद करून मोकळी झाले. भाजलेला हात वाचला आणि नुसता अंगठा बघितला. मास्तराला मी उगाच हसले. वाचता मला पण येत नाही.

परवा महाराष्ट्र झाला. चाळीत दिवे, पेढे, बँड. दुर्गाचा घसा पुन्हा बसला. नळाला पाणी होतं तेवढंच येतं.

आता कामाचं. लवूला चार दिवसांची रजा मिळाली. सोमवारी सोळा तारखेला तो आचऱ्याला येईल, कोंडीराम बाजारात असेल त्या वेळेला. गाठोडं एकच घे. कोंडीरामाला काय सांगायचं याचा विचार करू नकोस. दोरी ओढणारा कारणं सांगत बसत नाही. मास्तर म्हणेल, शेजारणीचं भांडण मिटवायला गेली. त्याला आता सवय झाली आहे.

बोट भाऊच्या धक्क्याला लागते. तिथून गोदीची भिंत दिसते. बघायची नसेल तर डोळे मीट आणि लवूच्या पट्ट्याला धर. त्याला डोळे बांधून चालायचं शिक्षण आहे.

बिल्ल्याचं तू काही बोलली नाहीस. बोलू नकोस. बोलायचं असेल तर इथे येऊन तोंडावर बोल, मास्तराच्या तोंडून नको.

खोली तीच आहे. तांदळाचा डबा पण तोच, फक्त कडी नवी. लवूला आता पितळी बिल्ला मिळाला आहे, गोदीच्या फाटकावर दाखवायचा. रोज सकाळी शोधत असतो. तुला तो कधी डब्यात पुरावासा वाटला तर पूर. या वेळेला मी बघितलं तरी काढून देणार नाही. शोधू दे मेल्याला.

सुंदराबाई